दोन पंगती आणि एक मुका पाहुणा

बोरी,
पौष शुद्ध नवमी, शके १८६७

चिरंजीव बन्सीधर यास बायनाबाईचे आशीर्वाद. आशीर्वाद नेहमीचेच आहेत, त्यातला एकही कमी केलेला नाही. लिहिणारा आपला सांबप्पा किराणावालाच. मी बोलते तसं लिही म्हणून बजावलंय, तरी तो मधेच शहाण्यासारखी भाषा करतो. एखादं वाक्य फार गुळगुळीत वाटलं तर ते त्याचं समज.

(गुळगुळीत नाही, शुद्ध. – सांबप्पा)

बघ, असा मधे शिरतो. म्हणून लिहिलेलं सगळं परत वाचून घेते मी.

आता कामाचं ऐक. माझ्या उजव्या डोळ्याचं तुला ठाऊक आहे. सुईनं मोतीबिंदू ढकलून देतो म्हणणारा तो फिरता माणूस आला होता, त्यानं मोतीबिंदूही ढकलला आणि डोळाही ढकलला. राहिला डावा. त्यातही आता पडदा पिकलाय. चुलीतला जाळ कळतो, पण भाकरी करपली का ते वासावरून कळतं. सांबप्पा समोर बसलाय म्हणे. खोकतो म्हणून मानायचं.

आबासाहेबांच्या जिनिंगमध्ये माघात डोळ्यांचे डॉक्टर येणार आहेत. हात चांगला आहे म्हणतात. सुईवाल्यासारखं ढकलत नाहीत, मोतीबिंदू बाहेरच काढतात. पण त्यांची एक अट आहे. धूळ नको म्हणून कापसाच्या कोठीत दारंखिडक्या लावून काम करायचं, आणि अंधारात डोळा कापता येत नाही म्हणून बिजलीची बत्ती पाहिजे. गॅसबत्तीला घासलेट मिळत नाही, ते कंट्रोलात. जिनिंगच्या इंजिनावर डायनामो आहे, पण नुसताच फिरतो. लढाई सुरू झाल्यापासून बत्तीचे गोळे मिळत नाहीत म्हणून तारासुद्धा काढून ठेवल्यात. आबासाहेब म्हणाले, बत्ती न्हाई तर डॉक्टर न्हाई. मी तिथंच बसले होते. मीच म्हणाले, माझा नातू सिकंदराबादला आगगाडीच्या डब्यांत दिवे लावतो, तो लावील.

तुझ्या बापाला हे पटलेलं नाही. आश्रुबा म्हणतो, या वयात काय बघायचं राहिलंय. मी म्हणाले, तुझं तोंड बघून वर्ष झालं, तेवढ्यापुरतं तरी बघते, मग परत मिटीन.

गोळे पाठव. कसे लावायचे तेही कळव. इंजिनवर लिंबाजी आहे, हाताला चांगला आहे, सांगितलेलं करतो.

तुझी आजी बायनाबाई

*

सिकंदराबाद,
२० जानेवारी १९४६

आजी, तुला नमस्कार. सांबप्पाकाकांनाही, कारण हे पत्र आधी त्यांच्या डोळ्यांखालून जाणार.

न विचारता माझं नाव पुढं केलंस. मी कारखान्यात डब्यांची बत्ती शिकतोय, अजून उमेदवारच आहे. रजा मागितली, मिळाली नाही. म्हणजे तुझ्या डोळ्यावरची बत्ती मी इथून कागदावर लावायची. एकच डोळा राहिलेल्या माणसानं अशी पैज लावू नये. पण तू लावलीस, तर आता नीट ऐक.

डायनामोचा दाब एकशेदहा व्होल्टचा आहे, हे लिंबाजीनं मागं सांगितलं होतं. त्या दाबाचे बल्ब बाजारात नाहीत. मला मिळाले ते मोडीत काढलेल्या डब्यांचे, लिलावातले. ते चोवीस व्होल्टचे. एकटा बल्ब एकशेदहावर लावला तर डोळा मिटायच्या आत जळेल. म्हणून पाच बल्ब एका ओळीत लावायचे. एकातून निघालेली तार दुसऱ्यात, दुसऱ्यातली तिसऱ्यात, आणि पाचव्यातून परत डायनामोकडं.

हिशोब असा. एका बल्बाचा रोध चोवीस ओहम. रोध म्हणजे विजेला होणारा अडथळा. एका ओळीत अडथळ्यांची बेरीज होते, म्हणजे पाच चोवीस एकशेवीस. एकशेदहाला एकशेवीसनं भागलं की प्रवाह येतो, एका अँपिअरला जरा कमी. हा प्रवाह पाचही बल्बांतून तोच जातो. दाब मात्र वाटला जातो.

तुझ्यासाठी सोपं करून सांगतो. पाच माणसांची पंगत बसलीय आणि एकशेदहा लाडू वाढायचे आहेत, उरवायची सोय नाही. प्रत्येकाच्या पानात बावीस. बल्बाचं पोट चोवीसाचं, तेव्हा बावीस सुखानं पचतील. उजेड थोडा पिवळा पडेल, पण बल्ब टिकतील. आणि पंगतीत एक उठला की सगळ्यांना उठावं लागतं, तसंच इथं. एक बल्ब गेला की पाचही विझतील. घाबरायचं नाही, गेलेला काढून नवा लावायचा. म्हणून दहा पाठवतोय, पाच लावायला आणि पाच जवळ ठेवायला. किशनराव लेकीकडं आले होते, त्यांच्या हाती देतोय. परभणीला उतरून बैलगाडीनं बोरीला आणतील. सरकीच्या भुशात नीट भरलेत.

लावून झाल्यावर डॉक्टर यायच्या आधी एकदा पेटवून पाहा.

तुझा बन्सीधर

*

बोरी,
पौष वद्य द्वादशी

चिरंजीव बन्सीधर यास आशीर्वाद. या खेपेला थोडे राखून ठेवलेत, कारण ऐकशीलच.

गोळे सुखरूप आले. किशनराव गाडीभर त्यांना मांडीवर घेऊन बसले होते. लिंबाजीनं तुझ्या कागदाप्रमाणं कोठीत पाच गोळे ओळीनं टांगले. खाली टेबल ठेवलं, ज्यावर डॉक्टर आम्हाला निजवणार. अर्धं गाव जमलं होतं. सांबप्पानं तुझं पत्र मोठ्यानं वाचलं, लाडवांपाशी पोरं हसली. इंजिन सुरू झालं, गोळे पेटले. मला नुसता पिवळा धूर दिसला, पण दिसला.

मग भप्प झालं. सगळे विझले.

लिंबाजीनं इंजिन थांबवलं, गोळे चाचपले. गाडीच्या धक्क्यानं खिळखिळी झालेली एकाच्या पोटातली तार तुटली होती. नवा काढायला तो भुशात हात घालणार, तेवढ्यात मी बोलले. माझी जीभ तुला ठाऊक आहे. मी म्हणाले, नवे डॉक्टरासाठी राहू दे, आज नुसतं बघायचंच तर हाय. पंगतीत पान रिकामं राहिलं तर ते उचलतात आणि बाकीचे सरकून बसतात. तारेला तार जोड आणि चौघांना सरकव.

लिंबाजीला पटलं. आबासाहेबांना पटलं. इथं लिहिताना तोंड वाकडं करणाऱ्या सांबप्पालाही पटलं होतं.

(मी गप्प होतो. – सां.)

गप्प बसणं म्हणजे पटणंच. लिंबाजीनं गेलेला गोळा वगळून तारेला तार जोडली, इंजिन सुरू केलं, आणि असा उजेड पडला की माझ्यासारखीलाही भिंत कळली. पांढरा, दुधासारखा. लोकांनी वाहवा केली. आबासाहेब म्हणाले, चारच चांगले होते, पाचवा उगाच अंधार करत होता. तेवढ्यात एक गोळा फटकन फुटला. काच खाली टेबलावर पडली, जिथं उशी ठेवायची तिथं.

आता पुढचं सांगायला नको वाटतं. लिंबाजीला वाटलं, तोच गोळा कच्चा होता. त्यानं परत तार जोडली. राहिलेले तिन्ही पेटले म्हणेपर्यंत गेले.

पाच गोळे गेले, बन्सीधर. त्यांच्याबरोबर माणसंही. शेजारची कस्तुराबाई डोळा दाखवायला तयार होती, ती म्हणते, काच माझ्या डोळ्यात पडली असती म्हणजे. पार्वतीबाईनं नाव काढून घेतलं. चारठाण्याहून येणारे दोघे आता येत नाहीत. डॉक्टरांचा निरोप आहे, दहा डोळे तरी असावेत, एका डोळ्यासाठी एवढ्या लांब येणं होत नाही. लोक नातवाचं नाव घेतात, मला ऐकू येणार नाही असं समजून. मला दिसत नाही, ऐकू चांगलं येतं.

पंगत तू सांगितलीस, सरकवली मी. आता तूच सांग, चौघांनी पाचव्याचं खाल्लं तर काय बिघडलं?

तुझी आजी

*

सिकंदराबाद,
४ फेब्रुवारी १९४६

आजी,

बिघडलं ते सगळं माझं. मी पंगत सांगितली, आणि पंगतीत तुम्ही सरकून बसता हे विसरलो. बोरीत वाढलेल्यानं हे विसरायला नको होतं.

झालं असं. डायनामोचे लाडू एकशेदहाच, पाच जेवोत की चार. चार बसले तर प्रत्येकी साडेसत्तावीस. पोट चोवीसाचं. खाल्ले, टवटवीत दिसले, आणि त्यातला अशक्त होता तो आधी फुटला. उजेड दुधासारखा पडला तेव्हाच ते मरायला लागले होते. मग तिघांवर छत्तिसाच्याही वर आले. त्यांना कोण वाचवणार? रिकामी जागा कधीही सरकून भरायची नाही. हे लिंबाजीला भिंतीवर कोळशानं लिहून द्या. वाचता येत नसेल तर चित्र काढून द्या.

आता नुसते बल्ब बदलून भागणार नाही. तुमचे पाच गेले म्हणून माझे डोळे उघडले. एकच ओळ ठेवली आणि डॉक्टरांची सुरी तुझ्या डोळ्यात असताना त्यातला एक गेला, तर पूर्ण अंधार. नवा लावीपर्यंत डॉक्टरांचा हात कुठं असेल, याचा विचार करून रात्री झोप लागत नाही. म्हणून ओळी दोन पाहिजेत. दोन्ही डायनामोला स्वतंत्र जोडलेल्या, प्रत्येकीची तार वेगळी जाईल आणि वेगळी येईल. एक विझली तरी दुसरी जळेल.

ओळीत रोधांची बेरीज होते, पण अशा दोन वाटा शेजारी केल्या की एकूण रोध उलट निम्मा होतो. एकशेवीस आणि एकशेवीस मिळून साठ. एकशेदहा भागिले साठ म्हणजे पावणेदोन अँपिअरच्या थोडं वर. डायनामोला हे काहीच नाही.

अडचण बल्बांची. तुमच्याकडं पाच उरलेत. मी लिलावाच्या माणसाकडं पुन्हा गेलो, त्याच्याकडं चारच निघाले. चारांची ओळ केली तर काय होतं ते तुम्ही पाहिलंच. म्हणून पाचव्या जागेसाठी कारखान्यातल्या मिस्त्रींना विचारून एक वस्तू करून घेतलीय. चिनीमातीच्या नळीवर गुंडाळलेली तार. तिचा रोधही चोवीसच, मोजून घेतलाय. ती पंगतीत बसेल, आपले बावीस लाडू खाईल, पण उजेड देणार नाही. मुका पाहुणा म्हणा. बाकीच्या चौघांच्या पानात जास्तीचं पडू नये एवढंच त्याचं काम.

हा पाहुणा जेवताना फार तापतो. कापसाच्या कोठीत त्याला एक क्षणही ठेवू नका. भिंतीबाहेर ओट्यावर, विटांवर ठेवा आणि तार भोकातून आत घ्या. बल्बांच्या खाली सरकी चाळायची तारेची चाळण बांधा, म्हणजे काच पडली तरी वरच अडकेल.

आणि आजी, एक मागणं आहे. तू सगळ्यांच्या शेवटी नीज. आधी दुसऱ्यांवर बत्ती टिकलेली दिसू दे.

बन्सीधर

*

बोरी,
माघ शुद्ध नवमी

चिरंजीव बन्सीधर यास आशीर्वाद, राखून ठेवलेले धरून.

चार गोळे आणि मुका पाहुणा पोचले. लिंबाजीनं पाहुण्याला ओट्यावर बसवलं आणि इंजिन चालू करून पाहिलं. दोन्ही ओळी पिवळ्या जळल्या, कुणी फुटलं नाही. मी पाहुण्याजवळ हात नेला, लांबूनच चटका बसला. तुझे आजोबा थेट असेच होते. पंगतीत बसायचे, जेवायचे, तापायचे, आणि उजेड म्हणून काही पडायचा नाही. ते नव्हते तेव्हा कळलं की ते होते म्हणून बाकीचे आम्ही फुटत नव्हतो.

पण आता दुसरंच संकट आहे. लिंबाजीच्या मनात भीती बसलीय. तो म्हणतो, एका पंगतीतला एक उठला तर ती पंगत विझणार, हे कळलं. मग तिचं जेवण कुठं जाणार? दुसऱ्या पंगतीच्या पानात. म्हणजे चार गोळे आणि पाहुणा दुप्पट खाणार आणि फटाफट फुटणार, कुणाच्या तरी डोळ्यावर. त्यानं ठरवलंय, एक ओळ विझली रे विझली की इंजिन बंद करायचं. अंधार झाला तरी चालेल, काच नको.

मी त्याला खोडून काढू शकले नाही. लाडवांचा हिशोब धरला तर त्याचं खरंच वाटतं. तू काय ते लवकर कळव. माघ वद्य पंचमीला डॉक्टर येतायत.

तू म्हणतोस तशी मी सगळ्यांच्या शेवटी निजते. काळजी करू नको.

तुझी आजी

(हे खालचं बाईंना वाचून दाखवलेलं नाही. त्यांनी आबासाहेबांकडं जाऊन आपलं नाव सगळ्यांत वर घालायला लावलंय. ओट्यावर बसून बायाबापड्यांना सांगितलं, "माझ्या नातवाची बत्ती हाय, पैला डोळा माझा. ती विझली तर माझ्यावर विझंल. मग तुमी घरी जा." हे ऐकून कस्तुराबाईनं नाव परत दिलं. पार्वतीबाईनंही. आता बारा झालेत. तुला कळवू नको म्हणून मला शपथ घालायला आल्या होत्या. मी पूजेला बसलो होतो म्हणून शपथ राहून गेली. – सांबप्पा)

*

सिकंदराबाद,
१५ फेब्रुवारी १९४६

आजी,

तुझ्या पत्रात दोन गोष्टी होत्या. एक तू सांगितलीस आणि एक सांगितली नाहीस. कुणी कळवली ते विचारू नको.

पहिली आधी. लिंबाजीला इंजिन बंद करू देऊ नकोस. लाडवांचा दाखला एका ओळीपुरता बरा होता, दोन ओळींना तो लागू नाही. डायनामो लाडू वळून ढीग लावून ठेवत नाही. आपल्या मळ्यातली विहीर आठव. तिच्यावर दोन मोटा चालायच्या. एका मोटेचा नाडा तुटला म्हणून दुसरीत कधी जास्त पाणी आलं? ती आपली जेवढी भरायची तेवढीच भरायची. विहिरीतून एकूण पाणी कमी निघायचं, एवढंच. तसंच हे. दोन्ही ओळींवर दाब एकशेदहाचाच, कारण दोन्ही सरळ डायनामोला जोडलेल्या. एक गेली की प्रवाह पावणेदोनावरून खाली येतो, एकाला जरा कमी. दुसरीच्या वाट्याचा होता तेवढाच राहतो. मी हे पुन्हा पुन्हा मांडून पाहिलंय. मिस्त्रींनाही दाखवलं.

बल्ब काढून तपासू मात्र नका. नऊच आहेत, दहावा या मुलखात नाही.

दुसरी गोष्ट. पहिली निजू नकोस. गणित बरोबर आहे हे मला माहीत आहे, पण माझं पहिलं गणितही बरोबरच होतं. माझा हात तिथं नाही. रजेसाठी आज परत साहेबांसमोर उभा राहिलो, त्यांनी मान वर केली नाही. हे पत्र पंचमीच्या आत पोचावं एवढंच मागतोय. तुला डोळा एकच आहे, आजी.

बन्सीधर

*

बोरी,
माघ वद्य पंचमी

चिरंजीव बन्सीधर यास सांबप्पाचा आशीर्वाद.

आज बाई सांगत नाहीत. त्यांना निजवून ठेवलंय, मान हलवायची नाही, बोलायचं नाही. दुसरी आज्ञा पहिलीपेक्षा जड जातेय. म्हणून मीच लिहितो.

तुझं पत्र काल सकाळी आलं. मी कोठीत जाऊन लिंबाजीला वाचून दाखवलं. त्यानं मोटांचं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कागदावर पंगत बी बरोबरच व्हती की." बाई टेबलापाशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "चालू कर इंजिन, आन् एका वळीतला गोळा काढ."

मी म्हणालो, बन्सीधरानं तपासू नका म्हणून लिहिलंय. लिंबाजीही म्हणाला, "आजी, फुटले मंजी?"

"फुटले तर आज कुणाचा डोळा त्याच्याखाली न्हाई," बाई म्हणाल्या. "उद्या असंल. फुटायचं ते आज फुटू दे."

लिंबाजीनं हाताला फडकं गुंडाळलं. वरच्या ओळीतला एक गोळा फिरवून काढला. ती ओळ विझली. आम्ही सगळे खालच्या ओळीकडं बघत राहिलो. चारही गोळे होते तसेच, ना कमी ना जास्त. तेव्हा बाई ओरडल्या, "आरं, बोला की कुणी. मला दिसत न्हाई म्हणून तर ह्यो सगळा खेळ मांडलाय."

गोळा परत बसवला, ओळ परत पेटली. लिंबाजी म्हणाला, पटलं. पण हाताला सवय असते, हात ऐकंल का ते सांगता येत नाही.

आज सकाळी डॉक्टर आले. मोजकं बोलणारे, पण सभ्य. पहिल्या बाईच. "त्याच्या आजोबांच्या पंगतीला नेहमी पहिली मीच वाढायची," असं मला सांगून त्या टेबलावर निजल्या. डोळ्यात औषध घातलं. मला दारात उभं केलं होतं, भिंतीतल्या झरोक्यातून पलीकडं लिंबाजी दिसत होता. डॉक्टरांनी सुरी लावली, आणि थोड्याच वेळात वरची ओळ गेली.

अर्धा अंधार झाला, बन्सीधर. डॉक्टरांचा हात होता तिथंच थांबला. ते एवढंच म्हणाले, "कुणी हलू नका." मी झरोक्यातून बघतो तर लिंबाजी इंजिनाशेजारी उठून उभा. त्याचा हात वर गेला होता. मला हाक मारता येईना, इंजिनाच्या आवाजात ऐकू गेली नसती, आणि इथं बाईंचा डोळा उघडा. मग लिंबाजीनं तो हात दुसऱ्या हातानं धरला, खाली आणला, आणि दोन्ही तळहात जमिनीला लावून त्यांच्यावर चक्क बसला.

डॉक्टरांनी वर न बघता विचारलं, "राहिलेले दिवे टिकतील का?"

दारात मी, टेबलाशी कंपाउंडर, दोघंही वर गोळ्यांकडं बघू लागलो. आणि जिला ओठही हलवायची मनाई, तिनं ओठ न हलवता सांगितलं, "टिकतील. त्यांची मोट येगळी हाय."

डॉक्टरांना मोट काय कळली असेल ते महादेवालाच ठाऊक. त्यांनी हात पुढं चालवला. मोतीबिंदू बाहेर आला, साबुदाण्याच्या मोठ्या दाण्याएवढा. पट्टी बांधली. पुढं बाकीच्यांचं काम टेबल खालच्या ओळीच्या नीट खाली सरकवून केलं. दुसरी कस्तुराबाई.

इथवर बरं. पण सुरी थांबली तेव्हा आत काही दुखावलं का, हे डॉक्टर सांगत नाहीत. पट्टी सोडल्यावर कळेल म्हणतात. तुझा बाप सकाळपासून ओट्यावर बसून आहे. या वयात काय बघायचं, असं आता म्हणत नाही.

सांबप्पा

*

सिकंदराबाद,
२८ फेब्रुवारी १९४६

सांबप्पाकाका,

पट्टी सुटली का? बरंवाईट जे असेल ते लिहा. आजी सांगेल त्यात गोड करून काही घालू नका. आणि लिंबाजीला माझा नमस्कार सांगा, दोन्ही हातांना वेगवेगळा.

बन्सीधर

*

बोरी,
फाल्गुन शुद्ध तृतीया

चिरंजीव बन्सीधर यास बायनाबाईचे आशीर्वाद. किती ते मोजत बसू नको.

पट्टी सोडली तेव्हा समोर सांबप्पा होता. पहिल्यांदा नुसता ढग दिसला. डॉक्टरांनी जाड भिंगाचा चष्मा नाकावर ठेवला, मग ढगाला मिशा फुटल्या. मी म्हणाले, तुझ्या मिशा पांढऱ्या झाल्या हे मला इतके दिवस कुणी सांगितलं नाही.

(शुद्ध असत्य. काही केस काळे आहेत. – सां.)

तुझ्या बापाचं तोंडही बघितलं. परत मिटीन म्हणाले होते, पण रडत होता, म्हणून बघत राहिले. कस्तुराबाईचाही डोळा उघडला. ती आता माझ्या अंगणातला केर मोजते.

मला शेवटी नीज म्हणून तू लिहिलंस, मी तुला फसवलं. त्याबद्दल रागवायचं असेल तर इथं येऊन रागव. आता तुझा राग मला दिसेल.

काल लिंबाजी तारा काढणार होता. मी म्हणाले, थांब, ज्याच्यावर डोळा पणाला लावला ते एकदा बघून घेते. कोठीत गेले. इंजिन बंद होतं, दिवे विझलेले होते. पण मी ते बघितले, एकेक करून. मग बाहेर ओट्यावर जाऊन पाहुण्याला भेटले. गार होता. हात लावून घेतला.

अक्षर मला येत नाही आणि या वयात शिकायचं नाही. पण सांबप्पाच्या हातून टाक घेऊन खाली मी जे काढलंय ते माझं आहे. शाई सांडलीय तेवढी सोडून दे.

तुझी आजी बायनाबाई

(चित्रात दोन ओळी आहेत. वरच्या ओळीत पाच गोल, त्यातला तिसरा शाईनं भरून काळा केलाय. खालच्या ओळीत चार गोल, मग एक उभी रेघ, ती भिंत असावी, आणि भिंतीपलीकडं एक चौकोन. मी काही सांगितलं नव्हतं. आत्ता कोठीत जाऊन बघून आलो. काळा पडलेला तिसराच आहे. – सांबप्पा)